चपला फाटकाबाहेर

ये गं, इकडं ये. लांब खुर्ची ओढून बसू नकोस, मग मला मोठ्यानं बोलायला लागतं आणि खोकला येतो. हं, अशी बस. आता आधी रागावून घेते. परवा साखरपुड्यात तू सगळ्यांसमोर म्हणालीस ना, "मावशीची ती कुत्र्यांची वेडी घरमालकीण", ते मला आवडलं नाही. सगळे हसले, मीही हसले, पण आवडलं नाही. तू त्यांना एकदाच पाहिलंस, तेव्हा जेमतेम चार वर्षांची होतीस. त्यांनी तुझ्या नव्या चपला काढायला लावल्या म्हणून भोकाड पसरलंस, तेवढंच तुझ्या लक्षात राहिलं. माणसाला वेडं म्हणायचं तर निदान कशापायी वेडं होतं ते तरी माहीत पाहिजे. मी सांगते. मध्ये मोबाइल बघायचा नाही.

आम्ही शहराबाहेर मखमलाबाद रस्त्याला राहायला गेलो तेव्हा तिकडं अजून मळेच होते. मेथी, कोथिंबीर, शेवंती. मालकीणबाईंचा मळा निम्मा विकून झाला होता आणि राहिलेल्यात झेंडू होता. घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या. तुझे काका आणि मी बघायला गेलो, तर बाईंनी फाटकातच अडवलं.

"चपला."

काका म्हणाले, "घरात शिरताना काढतो की."

"घरात घालून बसा, झोपा घालून, माझं काय जात नाय. अंगणात नाय चालायच्या."

बरं, नुसत्या काढून भागलं नाही. उलट्या करून दाखवायला लावल्या. काकांच्या टाचेत एक सराटा रुतलेला निघाला. बाईंनी तो नखानं उपटून काढला आणि आम्हाला दाखवला. "हा बघा, तुमच्या आधी हाच राहायला आला असता."

खोली आम्हाला मिळाली. पुढची सगळी वर्षं आम्ही घरात चपला आणि अंगणात अनवाणी, असा उलटा संसार केला. दूधवाला अनवाणी, पोस्टमन अनवाणी. गॅसवाल्याचं मात्र दर खेपेला भांडण. "अहो बाई, सिलिंडर पायावर पडला म्हणजे?" तो विचारायचा. बाई म्हणायच्या, "तुझ्या पायावर पडंल ना? त्यांच्या तर नाय." तो शिव्या देत जायचा, पण चपला फाटकाबाहेर ठेवूनच.

त्यांच्या म्हणजे कुत्र्यांच्या. दोन कुत्र्या होत्या. थोरली मैना आणि तिची लेक भिंगरी. कारवानी जातीच्या. लांब तोंड, पोट पाठीला लागलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. येणारा-जाणारा हळहळायचा, "खायला घालत नाही का हो?" बाई म्हणायच्या, "घालते. पण पळतात, म्हणून अंगाला चिकटत नाय. तुम्ही पळून बघा." विचारणारे बहुतेक अंगानं भरलेले असायचे, मग ते पुढं विचारायचे नाहीत.

ही शिकारी जात त्यांच्या सासऱ्यांनी आणलेली. सासरे सशामागं जायचे. पुढं कायद्यानं शिकार बंद झाली, सासरे गेले, नवरा गेला, पण कुत्री राहिली. मी एकदा म्हटलं, "बाई, शिकार नाही तर शिकारी कुत्री कशाला?" तर माझ्याकडं असं बघितलं, जणू मी विचारलं की नाचणं नाही तर पाय कशाला. म्हणाल्या, "शिकार बंद झाली. पळणं कुठं बंद झालंय?"

आणि पळायचं तर तळवा पाहिजे. त्यांचं सगळं त्या तळव्यावर येऊन थांबायचं. कुत्र्याच्या पायाखाली ती काळी, खरखरीत गादी असते ना, ती फाटली की पळणारं कुत्रं संपलं, असं त्या म्हणायच्या. "दात पडला तर कुत्रं जगतं. तळवा गेला तर नुसतं बसून राहतं आणि बघत राहतं. ते बघणं मला बघवत नाय."

अंगणात त्यांनी वाफे केले होते. मळेवाल्यांचीच बाई, वाफे सोडून दुसरं काय करणार! पण त्यात पेरलेलं काही नाही. फाटकापासून पहिला वाफा काळ्या मातीचा, मग नदीच्या रेतीचा, मग मुरूम, मग बारीक खडी, आणि घराजवळ शेवटचा बाजरीच्या धसकटांचा, कापणीनंतर उरतात त्या टोचऱ्या खुंटांचा. शेतातून धसकटं मुळासकट उपटून आणून त्या वाफ्यात रोवलेली. पिल्लू चालायला लागलं की आधी नुसती माती. तळवा जरा घट्ट झाला की रेती, मग मुरूम. भिंगरीला मी या वाफ्यांवरून चढत जाताना पाहिलंय.

"हे काय हो बाई?" मी पहिल्यांदा विचारलं.

"शाळा. पोराला एकदम मॅट्रिकला बसवतो का आपण? ही बालवाडी," मातीकडं बोट. "आणि ती मॅट्रिक," धसकटांकडं बोट.

रोज सकाळी त्या अंगण झाडायच्या आणि मग जुन्या कर्ण्यातला लोहचुंबक सुतळीला बांधून पाचही वाफ्यांवरून ओढत न्यायच्या. लहान मूल गाडी ओढतं तसा. खिळा, टाचणी, तारेचा तुकडा, जे चिकटेल ते डब्यात. समोरच्या नव्या बंगल्यातली बाई कुंपणावरून बरेच दिवस बघत होती. शेवटी तिनं विचारलंच, "कसलं व्रत आहे हो हे?" मालकीणबाई मान वर न करता म्हणाल्या, "खिळ्यांचं." ती बिचारी म्हणे भटजींना विचारून आली.

संध्याकाळी फिरून आलं की पाय धुणं. पितळी परात, कोमट पाणी, स्वतः पाटावर. एकेक पाय परातीत घ्यायचा, बोटं फाकवायची, मधल्या बेचक्यात कुसळ शिरलंय का बघायचं, फडक्यानं टिपायचं. आणि मग, हसू नकोस, तळवा आपल्या गालाला लावायचा. आत कुठं दुखत असेल तर तळवा गरम लागतो म्हणे. माझ्या सासूबाईंनी मला ताप आलाय का बघायला कधी कपाळाला हात लावला नाही आणि इथं कुत्रीला दोन गाल. मी रोज ओट्यावर भाजी निवडत ते बघायची. दोघी कुत्र्या अशा डोळे मिटून पडायच्या, जशा काही पार्लरमध्ये बसल्यात.

तेल मात्र लावायच्या नाहीत. थंडीत भेगा पडल्या तर जरासं, एरवी नाही. तुझ्या काकांनी एकदा मोठ्या प्रेमानं मलमाची डबी आणून दिली. बाई म्हणाल्या, "यांचे पाय मऊ करून काय मखमलीवर बसवायचंय? मऊ पाय पहिल्या दगडाला फाटतो." आणि ती डबी स्वतःच्या टाचांना लावून संपवली. चांगलं आहे म्हणाल्या.

बुटांचं तर सांगायलाच पाहिजे. कुणीतरी त्यांना सांगितलं की परदेशात कुत्र्यांना बूट घालतात. बाईंच्या डोक्यात शिरलं. बाजारात चपला शिवणाऱ्याकडं भिंगरीला घेऊन गेल्या, माप दिलं आणि चार बूट करून आणले. वर मऊ कातडं, खाली सायकलच्या ट्यूबचा तळ. घातले. भिंगरीनं एक पाय उचलला, मग दुसरा, मग एकदम दोन उचलायला गेली आणि कुशीवर पडली ती मेल्यासारखी. डोळे उघडे, पण उठायचं नाव नाही.

मग बाईंनी काय करावं? दोन बूट काढले, आपल्या दोन हातांत चढवले, तीन-तीन बोटं कशीबशी मावली, आणि लुगडं खोचून गुडघ्यांवर रांगत निघाल्या. माती, रेती, मुरूम, खडी. नेमका तेव्हाच गॅसवाला आला. खांद्यावर सिलिंडर, पाय अनवाणी. तो फाटकात थिजला.

"बाई, काय हरवलं का?"

"जमीन," बाई म्हणाल्या. तशाच रांगत. "या बुटात काय कळतच नाय रे. खडी हाय का माती हाय, सगळं सारखंच. पायाला कळलं नाय तर ती वळणार कशी?"

बूट माळ्यावर गेले. जखम झाली तरच, बाकी नाही. गॅसवाल्यानं पुढं हे सगळ्या रस्त्याला सांगितलं, त्यामुळं त्यांना वेडी म्हणणारी तू पहिली नाहीस.

आता हरसूलचं, डोंगराकडच्या त्या गावाचं. मळ्यात पूर्वी डोंगराकडून मजुरीला माणसं यायची. त्यातली एक बाई वर्षानुवर्षं यायची, मालकीणबाईंनी तिला बहीण मानलेली. पुढं तिनं मजुरीला येणं सोडलं, कारण हरसूलच्या पुढं तिची स्वतःची भातशेती आणि नागली, म्हणजे नाचणी, होती. एकदा बाजाराला आली म्हणून भेटायला आली. बसल्या बसल्या वाफ्यांवरून चालणाऱ्या कुत्र्या बघितल्या आणि म्हणाली, "बाई, डुकरांनी भाताची लय नासाडी केली गं. आनि तुजी कुत्री अंगनात नुसती शाळाच शिकत्यात? परीक्षा कदी व्हायची?"

हे बाईंना लागलं. त्या वर्षापासून भात पोटरीला आलं, लोंब्या धरायला लागलं की काळ्या-पिवळ्या जीपनं दोघी कुत्र्यांना घेऊन त्या हरसूलकडं जायच्या, भात घरात येईपर्यंत राहायच्या. मारायचं नाही, नुसतं पळवायचं. जीपचा पत्रा तापतो म्हणून कुत्र्यांच्या पायाखाली दुमडलेलं गोणपाट. बाकीची माणसं दाटीवाटीनं बसलेली आणि ह्या दोघी गोणपाटावर ऐटीत. परत आल्या की बाईंचा चेहरा असा असायचा, जसा मुलीला पहिला नंबर मिळाल्यावर आईचा असतो.

त्यांचा मुलगा वाईट नव्हता. हे आधीच सांगते, कारण पुढं ऐकून तुला वाटेल. कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता, बायकोसह फ्लॅटमध्ये राहायचा, दर रविवारी आईसाठी फळं घेऊन यायचा. त्याला आईची लाजही वाटायची आणि काळजीही. आदल्या पावसात बाई अंगणातल्या चिखलात घसरून पडल्या होत्या, मनगट चांगलंच सुजलं होतं. ते त्याच्या मनात बसलं. तर त्या वर्षी बाई हरसूलला गेल्या आणि हा मजूर घेऊन आला. वाफे खणले, खाली काँक्रीट ओतलं, वर शहाबादी फरशी.

मी म्हटलं, "अरे, आईला विचारलंस का?"

"काकू, सांगितलं तर ती करू देईल का? ती आली की बघेल. एकदा पाय सुके राहिले की तिलाच आवडेल."

पाय सुके राहिले की! त्याला खरंच तसं वाटत होतं गं. मजुरांच्या डोक्यावर उभं राहून त्यानं एकेक फरशी पातळीत बसवून घेतली. शेवटच्या दिवशी स्वतः पाणी मारून धुतली.

बाई आल्या त्या भर दुपारी. सवयीनं चपला फाटकाबाहेर काढल्या आणि आत पाऊल टाकलं. ऑक्टोबरचं ऊन, फरशी तापलेली. मैना फाटकातच थांबली. भिंगरी नेहमीसारखी आत धावली आणि घसरत घसरत थेट पाण्याच्या पिंपावर जाऊन आदळली. बाई फरशीवर उभ्या राहिल्या. मला वाटलं आता आकांत होणार. मुलगा म्हणाला, "कशी आहे, आई?"

"सरळ बसवलीय," बाई म्हणाल्या. "पाण्याला उतारपण बरोबर दिलाय."

चहा केला. दोघांनी घेतला. तो निघाला आणि चपला घालायला फाटकाकडं अनवाणी चालला, तर त्या म्हणाल्या, "पुढच्या बारीला घालूनच आत येत जा. आता काय फरक पडतो."

त्याला वाटलं आई सुधारली. जाताना माझ्याकडं बघून हसला. मी ओट्यावर होते, मला काही हसू आलं नाही.

त्या हिवाळ्यात शेजारच्या मळ्यातही बांधकाम सुरू झालं. बाहेर डांबर, कडेला विटांचे तुकडे, काचा. बाई फिरायला न्यायच्या आधी स्वतः अनवाणी रस्त्यावर उभ्या राहून बघायच्या, काही टोचतंय का, ऊन वाढल्यावर चटका बसतोय का. पण डोळ्याला आणि पायाला सगळंच कुठं दिसतं? उन्हाळा लागता लागता भिंगरीच्या पुढच्या पायाचा तळवा काचेनं उघडला. नुसता चिरला नाही, पाकिटाच्या झाकणासारखा उघडला. गुरांच्या डॉक्टरांनी टाके घातले आणि सांगितलं की इथं टाका नीट धरत नाही, पाय पसरू देऊ नका, घसरू देऊ नका. आणि अंगणभर फरशी. ती उठायची, बोटं फाकायची, टाका सुटायचा. माळ्यावरचे बूट काढले, तर बुटानं जास्तच घसरायची. गोणपाटं अंथरली, तर ती सरकायची. तीनदा की चारदा भरत आलं आणि उघडलं, मला आता आठवत नाही. भिंगरी दारात बसून राहायला लागली आणि रस्त्याकडं बघत राहायला लागली. मालकीणबाई तिच्याकडं पाठ करून भांडी घासायच्या.

एका रविवारी मुलानं विषय काढला. मी तिथंच होते, त्यानंच मला बोलावलं होतं, आईला समजवायला.

"आई, इथं आता कुत्र्यांचं काही खरं नाही. आणि मलाही इथं बिल्डिंग काढायचीय, तुला खालचा फ्लॅट. त्यांना कुणाला तरी देऊन टाकू. मी चांगलं घर बघतो. मोकळी जागा असलेलं."

बाईंनी हातातलं भांडं घासून पालथं घातलं. मग म्हणाल्या, "मातीचं बघशील?"

"मातीचं बघतो. शब्द देतो."

"मग तू नको बघू. मी बघितलंय. हरसूलला बहिणीच्या पडवीत जागा हाय."

"छान झालं! कधी पोचवायच्या?"

"तिघींना एकदमच पोचव."

त्याला कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर मात्र तो पांढरा पडला. "आई, लोक काय म्हणतील? मुलानं फ्लॅटसाठी आईला हाकललं म्हणतील."

"लोकांना सांग, आईला फरशी पोळती." त्या उठल्या. "तू माझ्यासाठीच केलंस रे, मला काय कळत नाय का? पण तुला माझा पाय दिसला, तिचा नाय दिसला. बांध तुझी बिल्डिंग. सही कुठं करायची ती सांग."

तो माझ्याकडं बघत होता, काकू काहीतरी बोला म्हणून. मी चहाचे कप उचलले.

पावसाच्या आत त्या गेल्या. एक वळकटी, ती परात आणि दोघी कुत्र्या. भिंगरीला जीपमध्ये उचलून ठेवावं लागलं. जाताना माझ्याशी घराबद्दल एक शब्द नाही, एवढंच म्हणाल्या, "तळवा भरला तर कळवीन. नाय भरला तर नाय कळवणार." तिकडं रोज कुणी फोन करणार होतं थोडंच! मी वाट बघितली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, काही कळलं नाही. मग आम्हीही इंदिरानगरला राहायला आलो आणि त्या जागेवर बिल्डिंग उभी राहिली.

मुलगा आईकडं जायचा, पण दारातूनच परत यायचा म्हणे. सामान ठेवायचा, बोलणं व्हायचं नाही. पुढच्या वर्षी भाताच्या दिवसांत तो आमच्याकडं आला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही चला माझ्याबरोबर. तुम्ही असलात की ती जरा बोलेल." गेले मी. रस्ताभर तो एकच विचारत होता, "ती कुत्री लंगडत असेल का हो?" मी म्हटलं, मला काय ठाऊक.

पडवीत बाई तांदूळ पाखडत होत्या. वाळल्या होत्या, पण बऱ्या दिसत होत्या. मैना म्हातारी होऊन कोपऱ्यात झोपलेली. भिंगरीचं मी विचारणार, तेवढ्यात खालच्या बाजूनं डबे वाजवल्याचा आवाज आला आणि बहीण ओरडत आली, "बाई, डुकरं! वढ्याकडनं आली!" अजून उजेड होता. पडवीच्या मागून काहीतरी माझ्या लुगड्याला वारा घालून गेलं. भिंगरी! बांधावरून उतरली, भाताच्या कडेनं वळली, दगडगोट्यांतून ओढ्यात, ओढ्यातून वर. नुसती एक रेघ. मुलगा धावत कडेला गेला. मालकीणबाई बघायलाही उठल्या नाहीत. सूप मांडीवर तसंच धरून डोळे मिटून ऐकत होत्या. पळणं चुकलं तर आवाजात कळतं, असं नंतर म्हणाल्या.

डुकरं डोंगरात गेली. भिंगरी जीभ बाहेर काढून परत आली आणि बाईंच्या पुढ्यात आडवी झाली. परात आली, पाणी आलं. बाईंनी मुलाकडं बघितलं.

"धर पाय. मला आता बारीक दिसत नाय."

त्यानं आयुष्यात त्या कुत्रीला हात लावला नव्हता. पँट सावरत खाली बसला, पुढचा पाय धरला, पाण्यात घातला आणि एकदम ओरडला, "आई! रक्त! परत फाटलं गं!"

परातीतलं पाणी लाल झालं होतं. मीही वाकून बघितलं. बाईंनी दोन बोटं पाण्यात घातली, एकमेकांवर चोळली आणि त्याच्या तळहाताला पुसली.

"माती हाय रे. इकडची मातीच लाल हाय."

त्यानं पाय उलटा करून बघितला. जखमेच्या जागी एक जाड, टणक रेघ. तो ती अंगठ्यानं दाबून बघत राहिला, मग दुसरा पाय घेतला, मग तिसरा. बोटं फाकवून बघायला त्याला कुणी सांगितलं नाही. बाईंनी सूप परत मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "जेवून जा दोघं. वरच्या तुकड्यातलं कापून झालंय, भात नवा हाय."

अजून आहेत त्या तिथंच. नजर गेलीय, पण आवाजावरून माणूस ओळखतात. परवाच निरोप आला, भात पिवळं पडायला लागलंय. म्हणून म्हणते, कापणीच्या आत माझ्याबरोबर तिकडं चल. कापल्यावर शेतात खुंट राहतात, तुला चालता यायचं नाही. सकाळची एसटी आहे, डबा मी करते. बोल, येत्या शनिवारी येतेस? कामं तुझी कधी संपायची नाहीत गं, तू लवकर ये.